अवतरणचिन्हातलं तरी सोडा की!

अवतरणचिन्हं कशासाठी असतात हे आता एक्स्टर्नल परीक्षक सरांना पण मीच शिकवायचं का? टीवायच्या प्रोजेक्टची व्हायवा होती, माझी एक पोरगी वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, तिने गावातल्या डोलकरांवर, म्हणजे डोल जाळ्याने मासे धरणाऱ्या कोळ्यांवर प्रोजेक्ट केला, आजीची मुलाखत घेतली आणि आजी बोलली तसंच लिहिलं, "भांगाचे पान्यान डोल भरत नाय". सरांनी त्याच्यावर लाल पेन फिरवला आणि वर लिहिलं, "ओहोटीच्या पाण्यात जाळे भरत नाही". भाषेचे मार्क कापले ते वेगळेच.

अहो सर, भांग म्हणजे ओहोटी?? ओहोटी रोज दोनदा येते! भांग अष्टमीच्या आसपास येतो, तेव्हा पाण्याला ओढच नसते, आणि डोल म्हणजे काही फेकायचं जाळं नव्हे, ते समुद्रात एका जागी बांधलेलं असतं, बोंबील-जवळा पाण्याच्या ओढीनेच आत येतो, ओढ नाही तर जाळं रिकामं. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची वाट बघतात. उधाणाच्या ओहोटीला तर पाणी नुसतं खेचत असतं! आजीने एका वाक्यात सगळं सांगितलं होतं, ते शुद्ध करायच्या नादात सरांनी साफ चुकीचं करून ठेवलं. आणि 'भांगाची भरती' शाळेच्या भूगोलात असते हो, नुसती कोळीवाड्यात नाही.

त्याच पानावर 'डेटा कलेक्शन', 'सॅम्पल साइज' आहे, त्याला पेन लागलेला नाही. ते चालतं, आजी चालत नाही.

आणि मी पोरांना काहीही लिहू देते असं कोणी म्हणू नका. 'इंग्रजांनी राडा केला' असं उत्तर आलं की पहिली मीच कापते, कारण राडा म्हणजे नक्की काय केलं हे पोराला माहीतच नसतं, अभ्यास न केल्याचं झाकण आहे ते. आजीचं वाक्य म्हणजे पुरावा आहे. पुराव्यात खाडाखोड करतात का कोणी?

गॅदरिंगला टोपल्या घेऊन कोळी डान्स झाला की हीच मंडळी पहिल्या रांगेत टाळ्या पिटतात. सत्तावीस फेब्रुवारीला 'बोली जपा' म्हणून भाषणं. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे, आणि त्याच स्टाफरूममध्ये नागपूरचा पोरगा "सबमिशन करून राहिलो मॅडम" म्हणाला तर खिदळले सगळे, त्यानंतर तो वर्गात तोंड उघडेना. वक्तृत्व स्पर्धेत 'पानी' म्हटलं की परीक्षक एकमेकांकडे बघतात, पोरगी काय बोलतेय ते ऐकतच नाहीत, डोकं सणकतं माझं!

व्हायवा संपल्यावर ती विचारते, "मॅडम, आजीचं काढूनच टाकू का?" नाही काढायचं! एक अक्षर हलवायचं नाही. मार्कशीटवर इंटर्नलची सही लागते आणि ती माझी आहे, ते मार्क परत लागल्याशिवाय मी सही करत नाही, प्रिन्सिपलनी बोलावलं तर भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन जाईन.