घरगुती भारनियमन

आमच्या घरात वीज जाण्याचे प्रकार दोन. पहिला गुरुवारचा, वीज कंपनीच्या देखभालीचा. त्याचा निरोप बहुधा आदल्या दिवशी मोबाइलवर येतो. दुसरा प्रकार माझ्या हातून घडतो आणि तो न कळवता घडतो, अशी घरच्यांची तक्रार आहे.

या दुसऱ्या प्रकाराचे मूळ जिन्याखाली ठेवलेल्या इन्व्हर्टरच्या 150 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या ट्यूब्युलर बॅटरीत आहे. 2005 च्या सुमारास महाराष्ट्रात भारनियमनाने दिवसाचे तुकडे पाडले होते, तेव्हापासून आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. बॅटऱ्या मात्र बदलत गेल्या. मागची तर तीन वर्षेही टिकली नाही. ती न्यायला आलेल्या माणसाने एक झाकण उघडून आत टॉर्च मारला आणि "साहेब, पाणी कधी घातलं होतं?" असे विचारले. मी "पावसाळ्यात" म्हणालो. कोणत्या, हे त्याने विचारले नाही, हा त्याचा मोठेपणा.

नवी बॅटरी आली आणि मी सुधारलो. महिन्याच्या पहिल्या रविवारी जुना लेंगा घालून मी जिन्याखाली शिरतो, टर्मिनलवर साचलेली हिरवट-पांढरी भुकटी सोड्याच्या गरम पाण्याने पुसतो, वर व्हॅसलीन फासतो आणि बॅटरीच्या सहाही सेलमध्ये, म्हणजे कप्प्यांमध्ये, डोकावतो. चार्जिंग होताना पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन उडून जातो, आम्ल मात्र मागे राहते. म्हणून वरून घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. शेजारच्या नानांनी "आरओचं घाला की, आम्ही तेच पितो" असे सुचवले होते, परंतु नानांना जे पचते ते बॅटरीला पचत नाही. पाण्यातल्या क्षारांनी तिचे आयुष्य घटते. लेंगा जुना का, तेही सांगतो. आम्लाचा थेंब उडतो तेव्हा कापडावर काहीच दिसत नाही. धुऊन वाळत घातल्यावर लेंग्यातून समोरची इमारत दिसते.

मग हायड्रोमीटर. रबरी फुगा दाबून सोडला की काचेच्या नळीत द्रव चढतो आणि आतला तरंगता काटा त्याची पाण्याच्या तुलनेतली घनता दाखवतो. पूर्ण भरलेल्या सेलची ती 1.240 च्या आसपास असावी. मेकॅनिक मंडळी दशांशचिन्ह गाळून "बाराशे चाळीस" म्हणतात. सहाही आकडे मी वहीत टिपतो. आमचा तिसरा सेल हल्ली 1.210 च्या वर जात नाही आणि त्या रविवारी मला जेवण जात नाही.

इथवर घरच्यांनी सहन केले होते. परंतु बॅटरी बसवणाऱ्याने जाता जाता सांगितले की, वीज फारशी जातच नसेल तर महिन्यातून एकदा बॅटरी वापरून पुन्हा भरून घ्यावी. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा मेन स्विच पाडतो. पाडण्याची वेळ आणि चटणीचे खोबरे मिक्सरमध्ये पडण्याची वेळ नेमकी एक येते, यात माझा दोष नाही. मिक्सर इन्व्हर्टरवर नाही, एवढेच.

मागच्या महिन्यात वळवाचा पाऊस चालू असताना मी असाच स्विच पाडला. दोन-अडीच तासांनी इन्व्हर्टर पीं-पीं करू लागला, तशी आधी रिकाम्या बॅटरीची घनता टिपावी आणि मग स्विच वर करावा, अशा शास्त्रीय विचाराने मी हायड्रोमीटर शोधू लागलो. तेवढ्यात बाहेर कडाडकन आवाज झाला, सगळा रस्ता काळोखात बुडाला आणि मिनिटभरात आमचा इन्व्हर्टरही मुका झाला. आईने समई लावली. "वर्षभर पाणी पाजलंत ना तिला?" एवढेच बायको म्हणाली आणि वर्तमानपत्राने वारा घेऊ लागली.

रात्री साडेबाराला नानांच्या खिडकीत दिवा लागला. मग समोरची इमारत उजळली, मग रस्ता. आम्ही मात्र काळोखातच. मी तक्रार केंद्राला फोन लावून, नियमित वीजबिल भरणाऱ्या ग्राहकाला शोभेल अशा शब्दांत बोललो आणि तक्रार क्रमांक समईच्या उजेडात त्याच वहीत, तिसऱ्या सेलच्या खाली, लिहून घेतला.

"अरे," आई अंथरुणातून म्हणाली, "तू संध्याकाळी पाडलेला तो स्विच वर केलास का?"