गिऱ्हाईक दोन वर्षांनी येते, फोन मात्र कुठे जातो?

सप्रेम नमस्कार.

फोन चार-पाच वर्षे वापरता येतो आणि नवा घेण्याआधी बॅटरी बदलून पाहावी, अशा आशयाच्या माझ्या लेखावरील आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर मोबाइलच्या धंद्यात उभी हयात घालवणाऱ्या माणसाने इतक्या पोटतिडकीने हरकत घेतल्यावर तिला दोन ओळींत वाटेला लावणे बरे दिसले नसते, म्हणून हे उत्तर स्वतंत्रपणे लिहीत आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. आपले म्हणणे असे की, काउंटरवर येणारे बहुतेक गिऱ्हाईक दोन, फार तर तीन वर्षांत फोन बदलते, त्यामुळे माझा आकडा घरबसल्या काढलेला आहे. ऑनलाइन फसवणुकीच्या या दिवसांत लोकांना जुना फोन वापरायला सांगणे धोक्याचे आहे. आणि पर्यावरणाची काळजी हा पोट भरलेल्यांचा छंद असून त्याची झळ छोट्या दुकानदाराला बसते.

पहिल्या मुद्द्यावर मी सर्वाधिक वेळ घेणार आहे, कारण आपले निरीक्षण अगदी खरे असूनही त्यातून निघणारा निष्कर्ष खरा ठरत नाही. समजा, एका गल्लीत १० माणसे राहतात. त्यांपैकी ५ जण दर २ वर्षांनी फोन बदलतात आणि उरलेले ५ जण दर ६ वर्षांनी. १२ वर्षांत पहिले पाच जण मिळून ३० फोन घेतील आणि दुसरे पाच जण मिळून १०. म्हणजे त्या गल्लीतून आपल्या दुकानाची पायरी ४० वेळा चढली जाईल आणि त्यांपैकी ३० वेळा समोर दोन वर्षांवालाच उभा असेल. प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘आधीचा फोन किती वर्षे वापरला?’ असे विचारून आपण सरासरी काढलीत, तर ती ३ वर्षे येईल. गल्लीत घरोघर जाऊन माणशी हिशोब केला, तर सरासरी ४ वर्षे येईल. आणि एखाद्याने रविवार कारंजावर उभे राहून याच दहा जणांना ‘हातातला फोन किती जुना आहे?’ असे विचारले, तर उत्तर साधारण २ वर्षे येईल, कारण विचारले त्या क्षणी प्रत्येकाचा फोन आपल्या मुदतीच्या अधेमध्ये कुठेतरी असणार. माणसे तीच, सवयी त्याच, आणि उत्तरे तीन. यांतले एकही खोटे नाही; प्रत्येक उत्तर वेगळ्या प्रश्नाचे आहे. वृत्तपत्रांत ‘लोक इतक्या वर्षांनी फोन बदलतात’ अशी बातमी येते तेव्हा त्यांपैकी कोणता प्रश्न विचारला गेला होता, हे क्वचितच छापलेले असते. माझ्या लेखाचा विषय माणसे किती वर्षे फोन वापरतात हा होता, त्यामुळे मी माणशी हिशोब धरला आणि तोच धरणार आहे. जो सहा वर्षे दुकानात फिरकत नाही तो आपल्याला दिसत नाही. पण तो नाही, असे कसे म्हणता येईल?

याच्याही पुढची गोष्ट अशी की, पहिल्या मालकाने सोडलेला फोन मरत नाही. आपल्याकडे मुलाचा फोन वडिलांकडे जातो, वडिलांचा आईकडे, आणि आईकडून तो दिंडोरी किंवा निफाडकडच्या एखाद्या घरी पोहोचतो, जिथे त्यावर गाणी वाजतात आणि मुलांचा अभ्यासही होतो. एक्स्चेंजमध्ये आपण स्वतः घेतलेले फोनही भंगारात जात नाहीत. त्यांचा सेकंडहँड बाजार याच रस्त्यावर भरतो, हे मी आपल्याला सांगायला नको. (तिथून फोन घेणाऱ्याने *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक, काढावा आणि मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर तो तपासून घ्यावा, एवढे जाता जाता.) मालकाने फोन दोन वर्षांनी सोडला म्हणून फोनचे आयुष्य दोन वर्षांचे ठरत नाही. आपण मोजता ती पहिल्या मालकाची मुदत आहे.

आता ती मुदतही दोन-तीन वर्षांवरच का येऊन थांबते? हप्ते संपतात, एक्स्चेंजची जाहिरात येते, शेजाऱ्याचा कॅमेरा बरा दिसतो, ही कारणे आहेतच. परंतु माझ्या मते सर्वांत मोठे कारण बॅटरी आहे. फोनमधली लिथियम-आयन बॅटरी सुरुवातीपासूनच झिजत असते. अनेक फोनच्या बॅटऱ्या सुमारे ५०० चार्जिंग सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतील, या हिशोबाने बनवल्या गेल्या आहेत. आयफोन १४ पर्यंत ॲपलचा जाहीर आकडा हाच होता, आयफोन १५ पासून त्या कंपनीने तो १००० केला. एक सायकल म्हणजे शंभर टक्के चार्ज वापरून संपणे, मग तो एका दिवसात संपो की दोन दिवसांत. रोज एक सायकल खाणाऱ्याच्या ५०० सायकल दीड वर्षाच्या आत भरतात. त्यात उष्णतेची भर पडते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा दुचाकीच्या हँडलला फोन लावून, मॅप चालू ठेवून आणि पॉवर बँक जोडून कॉलेज रोड ते सिडको अशा फेऱ्या मारणाऱ्या डिलिव्हरीवाल्या मुलाची बॅटरी, त्याच मॉडेलचा फोन गंगापूर रोडवरच्या ऑफिसात वापरणाऱ्याच्या बॅटरीच्या बरोबरीने टिकावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

थकलेल्या बॅटरीचा फोन वापरणाऱ्याला फोनच म्हातारा झाल्यासारखा वाटतो, आणि काही वेळा तो खरोखरच मंद केलेला असतो. बॅटरी कमकुवत झालेल्या आयफोनचा वेग आपण सॉफ्टवेअरने कमी केला होता, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. जुन्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, हे कंपनीचे स्पष्टीकरण तांत्रिकदृष्ट्या पटण्याजोगे आहे. ग्राहकांना ते आधी सांगितले गेले नव्हते, हे न पटण्याजोगे. वाद चिघळल्यावर २०१८ हे वर्षभर कंपनीने ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरमध्ये बदलून दिली. त्यानंतर २ जानेवारी २०१९ रोजी ॲपलचे प्रमुख या नात्याने टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून विक्रीचा अंदाज खाली आणला. त्यात मुख्य भर चीनच्या बाजारावर होता, पण लोक नवे आयफोन कमी घेत असल्याच्या कारणांमध्ये स्वस्तात बदलून मिळालेल्या बॅटरीचाही स्पष्ट उल्लेख होता. नवे फोन विकून जगणाऱ्या कंपनीच्या प्रमुखानेच हे लिहिलेले असल्यामुळे, माझ्या मूळ लेखातल्या सल्ल्याला याहून भक्कम पुरावा मला सुचत नाही.

आपण म्हणता की, बाजारात मिळणाऱ्या बॅटऱ्या ‘फर्स्ट कॉपी’ असतात आणि चार महिन्यांत फुगतात. ही तक्रार रास्त आहे, पण ती बॅटरी बदलण्याविरुद्धची नसून सुट्या भागांच्या पुरवठ्याविरुद्धची आहे. बॅटरी आणि फोल्डर (म्हणजे स्क्रीनचा अख्खा संच) कंपनीकडून रास्त किमतीत आणि पुरेशी वर्षे मिळत राहिले पाहिजेत. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी ८०० सायकलनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखणारी असावी लागते आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही मुख्य सुटे भाग ७ वर्षे पुरवावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण पोर्टलवर माहिती देणे आणि कायद्याने भाग पुरवायला लावणे यांत बरेच अंतर आहे.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. येथे मी आपल्याशी निम्मा सहमत आहे. ज्या फोनला सिक्युरिटी अपडेट येणे बंद झाले, त्यावर बँकेचे ॲप ठेवू नये, हे मी मूळ लेखातही लिहिले होते. मात्र अपडेट कधी बंद होणार याचा आपल्या बिलावरच्या तारखेशी फारसा संबंध नसतो. कंपन्या ही मुदत सामान्यतः मॉडेल बाजारात आले त्या दिवसापासून मोजतात. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला ७ वर्षांचे अपडेट जाहीर केले. स्वस्त फोनना याहून पुष्कळ कमी मिळतात. म्हणजे चार वर्षे अपडेट मिळणारे एखादे मॉडेल बाजारात येऊन दोन वर्षे झाल्यावर दिवाळीच्या ऑफरमध्ये कोणी घेतले, तर बॉक्स कोरा करकरीत असला तरी त्याच्या पदरात दोनच वर्षे पडतात. युरोपच्या नव्या नियमांत किमान ५ वर्षांची मुदत विक्री थांबल्यापासून मोजली जाते ती याचसाठी. जुन्या फोनच्या धोक्याबद्दल आपण गिऱ्हाइकाला सावध करता, त्याच वेळी नव्या फोनच्या अपडेटची शेवटची तारीखही त्याला सांगत असाल, तर आपले दुकान नाशिकमध्ये अपवादच म्हणावे लागेल.

शिवाय फसवणूक होते कशी, हेही पाहिले पाहिजे. लग्नपत्रिका किंवा आरटीओचे चलान म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल येते, माणूस ती उघडून इन्स्टॉल करतो आणि मागितलेल्या सगळ्या परवानग्या देऊन टाकतो. किंवा पैसे ‘मिळण्यासाठी’ यूपीआयचा पिन टाकतो, जो केवळ पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. या दोन्ही प्रकारांत फोन कालच घेतलेला असला तरी माणूस नागवला जातो. सॉफ्टवेअर खरोखर कालबाह्य व्हायलाही लोक समजतात त्याहून जास्त काळ लागतो. व्हॉट्सॲपने २०१३ साली आलेल्या अँड्रॉइडच्या किटकॅट या आवृत्तीला जानेवारी २०२५ मध्ये निरोप दिला. अपडेट थांबलेल्या फोनवरून बँक आणि यूपीआयची ॲप काढून टाकली, तर तो फोन बोलायला, गाणी ऐकायला आणि फोटो पाहायला पुष्कळ वर्षे कामी येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना बहुधा तेवढेच हवे असते.

फोन धडधाकट असूनही टाकावा लागतो, असे प्रसंग आहेत, हे मान्य करायला हवे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले ते केवळ फोर-जीवर. ज्यांच्या हँडसेटवर ते चालत नव्हते त्यांच्यापुढे स्वस्त डेटा हवा तर फोन बदला, एवढाच मार्ग राहिला. त्या मानाने ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या फाइव्ह-जीने तशी सक्ती केली नाही, कारण फोर-जी सुरूच राहिले. ग्रामीण भागात दुसरी सक्ती आहे. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचा फोटो ॲपवर चढवायचा असतो. दोन मालक पाहून आलेल्या फोनवर जीपीएस रेंगाळते, कॅमेरा धूसर असतो आणि जागा भरलेली असते. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय असल्यामुळे वाडीतला एखादा तरुण सगळ्यांचे काम करून देतो, हे खरे. पण ज्याच्या सातबाऱ्यावरची पीकनोंद फोनवर अवलंबून आहे त्याला जुन्यावर भागवा, असे मी म्हणणार नाही.

पर्यावरणाबद्दल थोडक्यात. जगातल्या ई-कचऱ्याच्या वजनात फोनचा वाटा लहान आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि टीव्ही त्याच्या कितीतरी पुढे आहेत, त्यामुळे कचऱ्याच्या ढिगाची चित्रे दाखवून फोन बदलू नका असे सांगणाऱ्यांचा युक्तिवाद मलाही कच्चा वाटतो. खरा मुद्दा निर्मितीचा आहे. कंपन्यांच्याच अहवालांनुसार स्मार्टफोनच्या आयुष्यभरातल्या कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे चार पंचमांश भाग तो कारखान्यात तयार होतानाच खर्ची पडलेला असतो. रात्रभर चार्जिंगला लावल्याने होणारा खर्च त्यापुढे किरकोळ आहे. वापराची वर्षे वाढवणे एवढाच उपाय ग्राहकाच्या हातात राहतो आणि त्यासाठी पोट भरलेले असण्याची अट नाही. उलट फोन जास्तीत जास्त वर्षे पुरवून वापरणारी माणसे सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत अधिक भेटतील.

राहिला प्रश्न दुकानदारांचा. ऑनलाइन विक्रीच्या स्पर्धेत नव्या हँडसेटवर हातात किती उरते, हे आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. लोकांनी फोन पाच वर्षे वापरला, तर त्या पाच वर्षांत एक बॅटरी, एखादे फोल्डर, चार्जिंग जॅक, दोन-चार ग्लास आणि कव्हर लागणार, आणि ही सगळी कामे याच शहरातल्या माणसांच्या हातून होणार. हँडसेट मात्र मोठ्या सेलमध्ये घरबसल्या मागवला जातो. त्यामुळे लांबलेल्या वापराचा तोटा आपल्यापेक्षा त्या मोठ्या विक्रेत्यांना अधिक होईल, असे माझे मत आहे. यावर आपले मत वेगळे असेल, तर आपल्या वहीतल्या जमाखर्चाच्या आधाराने ते लिहावे. मी ते जसेच्या तसे येथे छापीन.

त्यासोबत एक विनंती. आपल्याकडे रोज जितके लोक फोन घ्यायला येतात, तितकेच, कदाचित अधिक, दुरुस्तीला येतात, आणि आपल्या प्रतिक्रियेत त्यांचा उल्लेख नव्हता. महिनाभर दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांची वेगवेगळी नोंद ठेवता आली तर पाहावे. घ्यायला आलेल्याला आधीचा फोन किती वर्षे वापरला आणि तो आता कोणाकडे जाणार, हे विचारावे. दुरुस्तीला आलेल्याला फोन किती वर्षांचा आहे आणि तो वापरणारा कितवा माणूस आहे, हे विचारावे. नावे किंवा नंबर नकोत, केवळ वर्षे आणि मॉडेल पुरे. ती नोंद मिळाली की दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडू.

कळावे.