स्कूटरची दिष्ट

परवा गोव्यात, फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या चढावर माझ्या स्कूटरची दिष्ट काढण्यात आली. काढली ती जायांच्या वेण्या विकणाऱ्या एका बाईने. मीठ-मिरची भज्यांच्या गाड्यावरची होती आणि देखरेख फोनवरून माझ्या आईची. एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण त्यानंतर स्कूटर चालू झाली.

स्कूटर 102 सीसीची, बिनगियरची, जुनी. अंगात जेमतेम 7 अश्वशक्ती, त्यातले दोन-तीन घोडे तरी सेवानिवृत्त. आई मागे बसली की फर्मागुडीला ती ताशी 25वर येते. गेल्या महिन्यात त्या चढावर गॅस सिलिंडरांनी भरलेला टेम्पो आम्हाला ओलांडून गेला आणि जाता जाता ड्रायव्हरने आईकडे बघून 'च् च्' केलं. माझ्याकडे बघूनही नाही. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघत बसलो.

तर, बिनगियरच्या स्कूटरच्या पोटात व्हेरिएटर असतो आणि त्यात सहा रोलर. इंजिन फिरायला लागलं की हे रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, पुलीची ताटली दाबतात, बेल्ट वर सरकतो. आपण ज्याला गियर बदलणं म्हणतो ते हेच. रोलर हलके घातले की ही ढकलाढकल उशिरा होते, इंजिन आधी चांगलं जोरात फिरतं आणि चढ मारतं. बदल्यात मायलेज जातं. मी प्रत्येकी 2 ग्रॅम हलके रोलर घातले. मग इंजिनाला मोकळा श्वास हवा म्हणून एअर फिल्टर मोकळा केला. हवा वाढली म्हणून पेट्रोल वाढवायला कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, मोठा केला. एकूण खर्च 2800 रुपये. आईला 800 सांगितले.

त्याच आठवड्यात आईची दुसरी तक्रार होती, डिकीतल्या भाजीला पेट्रोलचा वास येतो. सीट उचलली की डिकी आणि टाकीचं बूच शेजारी-शेजारी, आणि बुचाचं रबर कडक होऊन चिरलेलं. तेही मी हातासरशी निस्तरलं.

तीन दिवस गाडी पाखरासारखी उडाली. चौथ्या दिवशी टाकी फुल केली आणि ढवळीपाशी ती गचके देऊन बंद पडली. दहा मिनिटं थांबलो, चालू झाली. चार किलोमीटरवर पुन्हा बंद. प्लग काढून पाहिला तर कोरडा ठणठणीत, पांढुरका. प्लग काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, कॉफीसारखा म्हणजे बरोबर. म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे जेट अजून मोठा हवा. घातला. पुन्हा बंद. जुना फिल्टर लावला. बंद. फिटरने सांगितलं, 'गाडी गरम होते.' गोव्यात ऑगस्टात गाडी गरम होते म्हणणारा माणूस भेटणं हेही भाग्यच. इथे वाळत घातलेला टॉवेल आठवडाभर ओला राहतो.

तर परवाची गोष्ट. ट्रॉलरांच्या मासेमारीवरची 1 जून ते 31 जुलैची बंदी उठून दोन दिवस झाले होते आणि श्रावण लागायला दोनच दिवस होते. ह्या दोन तारखांमधल्या फटीत गोव्यातल्या अर्ध्या हिंदू घरांचा जीव अडकलेला असतो. आईचा हुकूम होता की बांगडे आजच हवेत. बाणस्तारीला बांगडे घेतले, पंपावर टाकी काठोकाठ भरली, मंगेशी, म्हार्दोळ मागे टाकलं आणि फर्मागुडीचा चढ अर्धा चढल्यावर गाडीने मान टाकली.

बसस्टॉपवर इंजिनियरिंग कॉलेजचे दोन पोरगे होते. 'अंकल, ईसीयू रिमॅप केलाय का?' एकाने विचारलं. ज्या गाडीत ईसीयूच, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटरच, नाही तिच्याबद्दल त्याने हे विचारलं याचा मला राग आला नाही. अंकलचा आला.

तिथेच टोपली घेऊन ती बाई बसली होती. साठीची असेल, डोक्यावर प्लॅस्टिक, टोपलीत केळीच्या पानावर म्हार्दोळच्या जायांच्या वेण्या. मी प्लगचा पाना फिरवत असताना तिने पाच मिनिटं निरखून पाहिलं आणि म्हणाली, 'पुता, गाडयेक दिष्ट लागल्या.'

मी म्हटलं, 'मावशी, पेट्रोल पोचत नाहीये.'

'तेंच सांगतां. कित्याक पावना?'

का पोचत नाही, ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. असतं तर तिथे भिजत बसलो असतो का?

'गाडी कोणाच्या नांवार?'

'आईच्या.'

'मग तुझी दिष्ट काढून कितें उपयोग? आवयची काडूंक जाय.' आणि मला वाटलं विषय संपला. तर म्हणाली, 'फोन लाय.'

का लावला हे मी अजून स्वतःला विचारतोय. पावसात उभा असलेला माणूस फार तर्क करत नाही. आईला स्पीकरवर घेतलं आणि दोन वाक्यांत कळलं की बाईचं माहेर प्रियोळला, माझ्या आजीच्या घराच्या वरच्या वाड्यावर. पुढची सात मिनिटं मी फोनचा स्टँड होतो. कोण गेलं, कोणाचं लग्न मोडलं, कोणी नारळाची बाग बिल्डरला दिली. मध्ये फोंड्याची बस आली, थांबली, कंडक्टरने हाक मारली, पोरगे चढले आणि बस गेली. बाईने हातानेच तिला 'जा' म्हटलं.

मग आई म्हणाली, 'अगो, त्याने इंजिन उघडलं होतं. आठशे रुपये घातले त्यात.'

बाईने माझ्याकडे वळून पाहिलं. त्या नजरेत त्या टेम्पोवाल्याचं 'च् च्' होतं. 'बरी चलताली गाडी उगडली? मागीर दिष्ट लागची ना?'

आता साहित्याचा प्रश्न आला. शेजारच्या गाड्यावर भजी तळणाऱ्याने मीठ लगेच दिलं, पण सुक्या मिरच्या नव्हत्या, हिरव्या होत्या. हिरव्या चालतात का? बाई म्हणाली नाही. आई फोनवरून म्हणाली, अडीअडचणीला चालतात. बाई म्हणाली, तुमच्याकडे चालत असतील. आई म्हणाली, आमच्याकडे म्हणजे काय, एकाच गावची ना आपण? हा वाद पाचेक मिनिटं चालला. दोन प्रियोळकरणी शास्त्रार्थाला बसल्या की तिसऱ्याने बोलायचं नसतं. डिकीत बांगडे होते, वर ऊन-पाऊस चालू होता, आणि माझ्या 2800 रुपयांच्या इंजिनाचं भवितव्य मिरचीच्या रंगावर येऊन अडकलं होतं. शेवटी हिरव्यांवर तडजोड झाली, पण तीनऐवजी पाच.

तिने मूठ हँडलवरून तीनदा ओवाळली, मग हेडलाइटवरून, मग सीटवरून. सीटपाशी थबकली. नाक उडवलं. 'डिकयेंत बांगडे?'

'हो.'

'मागीर सायलेन्सराकडल्यान काडटां.' आणि खरंच मागच्या बाजूला जाऊन पुन्हा तीनदा ओवाळून मिरच्या भजीवाल्याच्या शेगडीत टाकल्या. ओल्या, हिरव्या मिरच्या. ठसका कोणालाच लागला नाही. बाईने विजयी मुद्रेने फोनात सांगितलं, 'नुस्तो वास लेगीत आयलो ना गो, व्हडली दिष्ट!' पलीकडून आईचा निःश्वास ऐकू आला. मिरच्या न ठसकणं म्हणजे दिष्ट जबर, हे शास्त्र मलाही माहीत आहे. ओल्या मिरच्या ठसकत नाहीत, हेही माहीत आहे. पण ऐकायला तिथे कोणी नव्हतं. भजीवालासुद्धा हात जोडून उभा होता.

'आतां मार.'

बटन दाबलं. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

होणारच होती! दर वेळी दहा-पंधरा मिनिटांनी होतेच. हे मी मोठ्याने म्हणालोही. तोवर बाई टोपलीसकट मागे बसली होती, कारण माझ्यामुळे तिची बस चुकली होती.

माथ्यापर्यंत गाडी गेली. फोंड्याकडे उतार लागला आणि दोन वळणांवर इंजिन पुन्हा बंद पडलं. मी काही बोललो नाही. उताराने, ब्रेकवर हात ठेवून, निमूट खाली आलो. मागून माझ्या खांद्यावर टोपलीचा काठ टोचत होता, आणि बाई म्हणाली, 'पळय, आतां आवाज लेगीत ना!'

तिला सपाटीवर उतरवलं. पैसे घेईना. उलट एक वेणी हँडलला बांधली.

गाडी ढकलत गॅरेजात नेली. तिथल्या बारक्या पोराने, मी जेट आणि रोलरांचा इतिहास सांगत असताना, सीट उचलली आणि टाकीचं बूच फिरवलं. 'फुस्स' असा आवाज झाला, सोड्याची बाटली उघडावी तसा, फक्त हवा आत जाण्याचा. पोराने बुचाखालून माझं काम दोन बोटांत धरून वर काढलं: दुधाच्या पिशवीचा गोल कापलेला तुकडा. वास येऊ नये म्हणून मीच घातलेला. बुचातून हवा आत गेली नाही तर टाकीतून पेट्रोल खाली उतरत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर हवेला जागा कमी, मग गाडी लवकरच श्वास कोंडून मरते. थोड्या वेळाने कुठूनतरी हवा झिरपते आणि पुन्हा जिवंत होते. सहावी-सातवीचं विज्ञान. पोराने तो तुकडा सगळ्या गॅरेजला फिरवून दाखवला. पैसे किती विचारलं तर म्हणाला, 'ह्याचे कसले पैसे?' हे त्याने प्रेमाने म्हटलं असेल. मला तसं वाटलं नाही. दोन जेट, सहा रोलर, एक फिल्टर आणि अर्धा महिना झोप गेली, त्याचं बिल मात्र प्रत्येकाने घेतलं होतं.

घरी हे सांगितलेलं नाही. आईने संध्याकाळपर्यंत वाड्यावर चार घरी फोन करून मिरच्यांचं सांगितलं होतं, आणि आता तिच्या मैत्रिणीच्या मुलाचा स्टार्ट न होणारा पंप रांगेत आहे. वेणी हँडलवर सुकून तपकिरी झाली आहे. मी काढायला गेलो तर आई म्हणाली, 'राहू दे, गाडी नीट चालतेय ना?'

चालतेय. चढ मस्त मारते. काल तिने डिकीतून दोडकी काढली, नाकाशी नेली आणि म्हणाली, 'तो पेट्रोलचा वास पुन्हा यायला लागला बघ. तेव्हा काय केलं होतंस, तेच कर.'