पाच फुटी शटर आणि पाच फूट चार इंची नाव

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत हे चित्र आता नेहमीचं झालंय. संस्थेची नाहीतर ग्रामपंचायतीची फायबरची नाव ट्रॉलीवर बांधून गावात येते, हार-नारळ होतो, फोटो निघतात आणि वरात गोडाऊनच्या शटरपुढे येऊन अडते. नाव वरच्या काठाला पाच फूट चार इंच, शटर पाच फूट. पाच मिनिटांत कुणीतरी घण घेऊन हजर.

घण ठेवा बाजूला, भाऊ. चार-सहा इंचांसाठी भिंत फोडायची पाळी सहसा येत नाही. आणि खरंच येत असेल तर त्या गोडाऊनात ती नाव ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी माप घ्या, आणि टेपनेच घ्या. वितीने मोजलेल्या मापावर फार भिंती फुटल्यात. शटर ‘पाच फुटी’ म्हणजे काय, हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. मिस्त्री भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजतो, शटरवाला पट्ट्यांची रुंदी सांगतो. नावेला लागते ती दोन्ही बाजूंच्या गाईड पट्ट्यांमधली, म्हणजे ज्यांत शटर वर-खाली सरकतं त्या उभ्या पट्ट्यांमधली, मोकळी जागा. पट्ट्या भिंतीच्या आतल्या अंगाला बसवल्या असतील तर त्या काही खात नाहीत. पण दाराच्या गाळ्यातच, म्हणजे भिंतीतल्या मोकळ्या जागेतच, बसवल्या असतील तर एकेक पट्टी अडीच-तीन इंच खाते, म्हणजे साडेपाच फुटांच्या गाळ्यात पाचच फूट उरतात. हे माप तीन ठिकाणी घ्या: उंबऱ्याशी, कमरेच्या उंचीवर आणि वर. गावातल्या भिंती ओळंब्यात असतीलच असं नाही. तिन्हींतलं सगळ्यात कमी ते खरं माप. शटरच्या कुलपाचे खिळे आणि कड्या बाहेर आलेल्या असतात, त्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत तेही लिहून ठेवा.

नावेचंही तसंच. रुंदी तळाला नाही, काठाला मोजायची, आणि काठावरची रबरी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी धरून. वल्ह्याचे आकडे बाहेर येत असतील तर आधी काढा, तिथेच दोन-तीन इंच सुटतात. काठाची पट्टी स्क्रूवर असेल तर तीही निघते, पण दीड-दोन इंचांसाठी तो खटाटोप मी शेवटीच करायला सांगेन. स्क्रूची भोकं परत सीलंटने भरली नाहीत तर त्यातून पाणी आत मुरतं. मागच्या फळीच्या आत बऱ्याच नावांना प्लायवूड असतं. ते एकदा भिजलं की फायबर वरून चकाचक आणि आत भुसा.

आता कलवण्याकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथे आहे.

‘थोडी तिरकी करा, जाते’ असं सगळेच म्हणतात. थोडी म्हणजे किती? उभ्या बाजूंची, खोक्यासारखी पत्र्याची नाव घ्या. चार फूट रुंद, दीड फूट खोल. ती वीस डिग्री कलवली तर रुंदी कमी होत नाही, उलट तीन इंचांनी वाढते. चाळीस डिग्रीच्या पुढे गेल्यावरच ती चार फुटांच्या आत येऊ लागते. म्हणून खोक्याच्या नावेला अर्धवट कलवून काही उपयोग नाही. ती सरळ कुशीवर उभी करायची. मग दाराला लागते ती फक्त तिची खोली.

फायबरच्या नावेच्या बाजू वर पसरलेल्या असतात, तिचा हिशेब वेगळा. उदाहरणाला १८ फुटी नाव घेऊ: काठाला ६४ इंच, तळाला ४० इंच, खोली २४ इंच. दहा डिग्री कलवली तर जेमतेम एक इंच मिळतो, वीसला चार, तीसला सात. म्हणजे ३० डिग्रीला ही नाव ५७ इंचांत बसते आणि ६० इंचांच्या शटरमधून दोन्हीकडे दीड-दीड इंच मोकळं ठेवून जाते. उंची होते ४७ इंच. खाली चाकांची घोडी (नाव कललेली टेकवायची तिकोनी चौकट) धरली तरी पाच फुटांच्या आत, त्यामुळे वर काही अडायचं कारण नाही.

डिग्री मोजायला यंत्र लागत नाही. ४० इंची तळाची एक कड दुसरीपेक्षा २० इंच वर उचलली की ३० डिग्री झाल्या.

त्यासाठी दोन तिकोनी घोड्या करून घ्या. जमिनीवरची बाजू ३५ इंच, उभी बाजू २० इंच, तिरपी आपोआप ४० इंच येते. दीड इंची अँगल चालतो, तीन बाय दोनचं लाकूडही चालतं. नावेच्या दोन्ही टोकांपासून साडेचार-साडेचार फुटांवर एकेक घोडी, मध्ये नऊ फूट अंतर, आणि दोन्हींना जोडणाऱ्या दोन लांब बल्ल्या. तोंडाकडे नावेचा तळ वर चढत जातो आणि अरुंदही होतो. त्यामुळे पुढच्या घोडीवर दोन-तीन इंचांचं टेकण द्यावं लागेल. ते जागेवर नाव ठेवूनच ठरवायचं. तिरप्या बाजूवर जुन्या टायरचे तुकडे किंवा दुहेरी बोरा टाका. खालच्या कडेला तीन इंच उंचीची लाकडी अटक ठोकायला विसरू नका. या कोनात अशी नाव उलटत नाही, पण घसरते. आणि घसरली की खालच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या नडगीवर येते.

आता ज्या गोष्टीवर बहुतेकांची फसगत होते ती. घोडी दाराच्या बरोबर मध्यात धरून लोटली तर नाव अडकणारच. कललेल्या नावेचा काठ खालच्या बाजूला घोडीच्या बाहेर चांगला २२ इंच येतो, वरच्या बाजूला काहीच येत नाही. म्हणून घोडीचा मध्य दाराच्या मध्यापासून ११ इंच उचललेल्या बाजूकडे सरकवून घ्यायचा. जमिनीवर खडूने किंवा चुन्याने दोन रेघा मारा, एक दाराच्या मध्याची, एक घोडीच्या मध्याची, आणि चाकं दुसऱ्या रेघेवर चालवा. ही रेघ मारायला दोन मिनिटं लागतात. ती न मारता चार माणसं तासभर ‘इकडे घे, तिकडे घे’ करत बसतात.

उचलण्याआधी नावेच्या तळाची बुचं काढून पाणी पूर्ण सोडा. १८ फुटी नावेत एक इंच पाणी साचलं असेल तर ते सव्वाशे किलोच्या आसपास भरतं, आणि कलवताना ते सगळं एकाच बाजूला धावतं. इंजिन लावलेलं असेल तर उतरवा. उचलायला ट्रकवाल्यांचे दोन इंची पट्टे वापरा, बारीक नायलॉन दोर काठाला कापतो. काठ धरून ओढू तर नकाच. माणसं सहा ते आठ लागतात आणि हुकूम एकाचाच चालला पाहिजे. दहा जणांनी दहा हुकूम दिले की नाव कुणाच्या तरी पायावर येते.

ट्रॉलीवरूनच सरळ आत लोटायचा मोह टाळा. ट्रॉलीचा पाटा कमरेच्या वर असतो, आणि गोडाऊनचा रॅम्प एकास सहा उताराचा असेल तर १८ फुटी नावेचं तोंड मागच्या टोकापेक्षा तीन फूट वर जातं. ते थेट शटरच्या गुंडाळीवर आदळतं. नाव रॅम्पच्या खाली उतरवा. सपाट फरशीवर सहा इंची चाकं चालतात. मातीवर ती रुततात, तिथे शेतातल्या पाइपलाइनचे चार इंची पीव्हीसी पाइप तीन-तीन फुटांचे तुकडे करून घोडीच्या बल्ल्यांखाली घाला. पाच तुकडे पुरतात: मागून निघालेला पुढे टाकत जायचं. आधी नावेचं तोंड आत जाऊ द्या, ते अरुंद असतं, त्यामुळे दिशा दुरुस्त करायला वाव मिळतो.

दारात नाव आडवी-तिरपी घुसवायचा प्रयत्न काही शहाणे करतात. लांब वस्तूला त्याचा उपयोग नाही, तोटाच आहे. ९ इंची भिंतीच्या ६० इंची दारातून नाव दहा डिग्री वाकडी नेली तर जागा साडेसत्तावन्न इंच उरते. जुन्या वाड्याची दीड फुटी मातीची भिंत असेल तर ५६. म्हणून दारासमोर नावेच्या लांबीएवढी सरळ जागा हवी. समोर हातपंप, खांब किंवा कुणाची बंडी उभी असेल तर आधी ती हलवा.

कलवून जमत नसेल तर दुसरा उपाय गाईड पट्ट्या काढण्याचा. साडेपाच फुटी गाळ्यात त्यामुळे पुरे सहा इंच मिळतात आणि ६४ इंची नाव सरळही जाते, दोन्हीकडे एकेक इंच ठेवून. पण शटर आधी पूर्ण वर गुंडाळा आणि गुंडाळी साखळीने वरच्या पाइपला पक्की बांधा. पडदा पट्टीत अडकलेला असताना पट्टी सोडली तर तो वाकडा होऊन खाली येतो. आतल्या स्प्रिंगला ताण असतो, त्या स्प्रिंगला शटरवाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. बोटं गेलेली माणसं या धंद्यात दिसतात. पट्ट्या बोल्टवर असतील तर काम पान्याचं. वेल्डिंग असेल तर कापून घेतल्यावर परत वेल्डिंग न करता बोल्टचे कान लावून घ्या, पुढच्या वेळी तेवढाच त्रास वाचतो.

ट्रकवाल्यांच्या पट्ट्यांनी नाव आवळून काठ आत घ्यायचा, हा उद्योग मला अजिबात मान्य नाही. फायबर लवचिक असतं, दबतंही. पण बाकं जिथे अंगाला चिकटवलेली असतात तिथे बारीक तडे जातात आणि पाण्यात गेल्यावर तेच तडे वाढतात. ओरखडे पडले तर ते रेझिनने भरता येतात. फक्त मे महिन्याच्या दुपारी ते काम काढू नका, मिसळलेलं रेझिन डब्यातच गोठतं. पहाटे करा. हार्डनर आणि कोबाल्ट, रेझिन घट्ट करणारी ही दोन्ही रसायनं, रेझिनमध्ये वेगवेगळी मिसळायची, एकमेकांत थेट कधीच ओतायची नाहीत. भडका उडतो.

आता घण. पाच फुटी गाळ्यावर साधारण सहा फूट लांब लिंटल (दारावरची आडवी तुळई) असतो, म्हणजे दोन्हीकडे भिंतीवर सहा-सहा इंच टेकलेला. दार रुंद करायला एका बाजूची सहा इंच भिंत फोडली की त्या टोकाखाली काहीच उरत नाही. लिंटल लगेच पडत नाही, वरच्या विटा एकमेकींना धरून राहतात, म्हणून सगळ्यांना वाटतं की जमलं. पहिल्या पावसाळ्यात वर तिरकी भेग दिसते. आरसीसी कॉलमचं बांधकाम असेल तर गोष्ट वेगळी, पण वजन भिंतीवर असेल तर वर आधी टेकू द्यावे लागतात, मोठा लिंटल ओतावा लागतो, आणि टेकू निदान दोन आठवडे काढायचे नाहीत. शिवाय इमारत ग्रामपंचायतीची असेल तर ठरावाशिवाय भिंतीला हात लावणं म्हणजे पुढची सगळी निवडणूक त्याच भिंतीवर.

एवढं करून नाव आत गेली. बाहेर कशी येणार?

२०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला जो पूर आला त्यात भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोली पट्ट्यातल्या गावांनी पाणी किती झपाट्याने चढतं ते पाहिलंय. अशा रात्री लाइट नसते, फरशीवर गाळ असतो, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो नाल्याच्या पलीकडे अडकलेला असतो. गोडाऊनात दोन फूट पाणी शिरलं तर घोडीवरची नाव आतल्या आत तरंगून वाकडी होते, पट्ट्यांत गाळ भरतो आणि शटर वर सरकत नाही. बचावासाठी दिलेली नाव अशा जागी ठेवण्याला माझा विरोध आहे. मग ती आत जायला कितीही नीट बसत असो. मासेमारीची नाव चार महिने आत राहिली तरी कुणाचं काही अडत नाही. पुराची नाव रात्री दोन वाजता चार माणसांना दहा मिनिटांत बाहेर काढता आली पाहिजे.

आणि उन्हाच्या भीतीने आत ठेवायची असेल तर तेवढी भीती नको. आपल्याकडे ४५-४६ अंशांचं ऊन फायबरचा वरचा थर खातं, हात फिरवला की पांढरी पावडर लागते, हे खरं. पण त्याला सावली पुरते, भिंत लागत नाही. पूररेषेच्या वर चार लोखंडी खांब, पत्र्याचं छप्पर, तिन्ही बाजू मोकळ्या, आणि नाव पालथी घालून दोन ओंडक्यांवर जमिनीपासून फूटभर उंच. चोरीची भीती असेल तर नाव खांबाला साखळीने बांधा. तनसाने (धानाच्या पेंढ्याने) झाकू नका, उंदीर होतात. ताडपत्री अंगाला चिकटवून बांधू नका, आत हवा खेळली पाहिजे. लाकडी डोंगा तर पत्र्याच्या गोडाऊनात उन्हाळाभर ठेवूच नये, फळ्या वाळून सांधे उघडतात. तो पाण्याजवळ, ओल्या सावलीतच बरा.

नवीन गोडाऊन बांधायचं असेल तर गाळा निदान आठ फुटी घ्या, लिंटल दोन्हीकडे नऊ-नऊ इंच टेकवा, आणि गाईड पट्ट्या भिंतीच्या आतून बसवायला सांगा. शटरवाला विचारत नाही, आपणच सांगावं लागतं. जुनंच वापरायचं असेल तर पट्ट्या सोडायचा पाना, घोडीच्या अटका आणि एक जास्तीची किल्ली शटरच्या बाहेर, कोतवालाला माहीत असेल अशा जागी ठेवा. पावसाळ्याआधी एकदा अंधार पडल्यावर घड्याळ लावून नाव बाहेर काढून बघा.