तीन पायांचाच तेवढा अडथळा होतो म्हणे

मला फक्त एक गोष्ट कोणीतरी नीट समजावून सांगा. बीचवर एवढी तोबा गर्दी, त्यात प्लास्टिकच्या खुर्च्या चालतात, भेळेची गाडी चालते, बापाच्या खांद्यावर बसून फुगा हलवणारं पोर चालतं, सेल्फी स्टिक तलवारीसारखी फिरवत मागे मागे सरकणारा एक जण असतोच, तो पण चालतो, आणि मी कोपऱ्यात कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा पहिला पाय उघडला रे उघडला की शिट्टी वाजते. कशी काय? वास येतो काय यांना?

डिसेंबरातला पर्यटन महोत्सव होता. कुठला ते सांगत नाही, गाव लहान आहे आणि उद्या बाजारात त्याच लोकांची तोंडं बघायचीयत. महिनाभर आधीपासून पोस्टर फिरतंय, भव्य आतषबाजी, पार्किंग कुठे, स्टॉल कुठले, लकी ड्रॉला बक्षीस काय, सगळं छापलंय. ट्रायपॉड आणू नका ही एक ओळ टाकायला काय जास्तीचे पैसे पडत होते? गेटवर बॅग तपासली, ट्रायपॉड बाहेर काढून उलटा-सुलटा बघितला, परत आत ठेवला, "जावा" म्हणाले. तिथेच सांगितलं असतं तर गाडीत ठेवून आलो असतो नाहीतर सरळ घरी जाऊन जेवलो असतो, पण नाही, आत सोडायचं, दोन-अडीच तास उभं राहून जागा धरू द्यायची आणि दारूकाम सुरू व्हायला पाच मिनिटं राहिली की यायचं.

"ओ भाऊ, ता स्टँड मिटवा."

"कित्याक?"

"वरसून ऑर्डर हा."

"वरसून म्हणजे कोणाची?"

"ता माका म्हायत नाय. तुमी मिटवा."

पोरगा विशीतला, गळ्यात कार्ड, बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्यावर राग नाही माझा. मग त्याचा वरचा आला, म्हणाला पत्रकार काय, पास आसा काय. नाही म्हटल्यावर विषय संपला. पत्रकाराच्या ट्रायपॉडला पाय नसतात बहुतेक.

आणि यात भर म्हणून शेजारी उभे असलेले काका. "अहो मोबाईलवर काढा की, हल्ली मोबाईलवर काय सुंदर येतात." काका, येतात, मान्य, पण मला जो हवाय तो नाही येत. गोळा वर चढतो, फुटतो, ठिणग्या पसरून खाली येतात, ती अख्खी रेघ फोटोत पाहिजे तर शटर दोन-तीन-चार सेकंद उघडं ठेवावं लागतं. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, १००, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ८ ते एफ ११, फोकस आधीच मॅन्युअलवर लॉक, कॅमेरा 'बल्ब' मोडवर, म्हणजे बटण दाबून धरू तोवर शटर उघडं, आणि हातात रिमोट, बस एवढंच आहे ते, काही रॉकेट सायन्स नाही. पण ते चार सेकंद कॅमेरा जागचा हलता कामा नये. हातात धरून काढला की प्रत्येक ठिणगीची गांडुळासारखी नागमोडी रेघ येते, लेन्सचं स्टॅबिलायझेशन कितीही महागाचं असू दे. मग दुसरा ज्ञानी येतो, आयएसओ वाढव आणि शटर फास्ट कर म्हणतो. अरे बाबा, ठिणगी पळतेय, तिची रेघ किती उजळ येणार ते ॲपर्चर आणि आयएसओ ठरवतं, शटर ठरवतं ती रेघ किती लांब आणि एका फ्रेममध्ये गोळे किती. फास्ट शटरला आभाळात नुसते ठिपके येतात. वर एक्सपोजर जास्त झालं की रंग पांढरे पडतात, तांब्याच्या क्षारांचा तो निळा तर मुळातच करायला अवघड आणि फिका, तो पहिला जातो.

आणि माझ्या मागच्या बाई फ्लॅश मारत होत्या. आभाळातल्या फटाक्यावर. फ्लॅश. उजेड पडत होता माझ्या मानेवर आणि पुढच्या गृहस्थांच्या टकलावर, पण त्यांना कोणी शिट्टी मारली नाही.

"मग थय पाण्याकडे जावन लावा," हा त्या वरच्या साहेबांचा सल्ला. हे बोलणारा माणूस किनाऱ्यावरचा आहे यावर माझा विश्वासच बसेना. पुनव जवळ आलेली. पुनवे-आवसेला आपल्याकडे संध्याकाळी ओहोटी आणि मध्यरात्रीच्या सुमाराला भरती, म्हणजे सात वाजता तिकडे लांबच लांब ओली वाळू आणि तिच्यात आभाळ उलटं पडलेलं, फोटोला याच्यापेक्षा भारी जागा नाही हे मलाही कळतं. पण दारूकाम सातला थोडंच होतंय? नऊ वाजून गेले की पाणी चढायला लागतं, लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, ट्रायपॉड शटर उघडं असतानाच खचतो, आणि पायांच्या लॉकमध्ये खारं पाणी गेलं की पुढचे सहा महिने करकर ऐकत बसा.

उशीर का होतो तर भाषणं. पोस्टरवर आठ वाजता लिहिलेलं, पाहुणे आले साडेआठनंतर, मग सत्कार, शाल, श्रीफळ, आभाराचं भाषण त्या भाषणांपेक्षा लांब. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके बंद हे सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच सांगून ठेवलंय, त्यामुळे दहाच्या आत उरकायला अर्ध्या तासाचं सगळं दहा मिनिटांत कोंबून उडवलं. खारे वारे पडलेले, मतलई अजून धरलेला नाही, हवा ठप्प, सगळा धूर तिथेच लटकून राहिला. स्वच्छ आभाळ मिळतं ते पहिल्या दोन-तीन मिनिटांतच, आणि ती माझी गेली "वरसून ऑर्डर"मध्ये.

गर्दीत कोणी पाय अडकून पडेल, वाट अडेल, हे कारण मला पटतं हो. अंधारात तीन फूट पसरलेले काळे पाय कोणालाही दिसत नाहीत, चेंगराचेंगरी झाली तर जीव जाईल, त्याच्यावर वाद नाही. पण मग पहिल्या रांगेतल्या त्या सोफ्यांचं काय? आयोजकांच्या शूटिंगवाल्याची क्रेन लोकांच्या डोक्यावरून फिरत होती तिचं काय? ती तर अख्खी वाट अडवून उभी होती, दोरीसुद्धा लावली नव्हती. नियम असेल तर सगळ्यांना असू दे. हा नियमच नाही, ज्याच्याकडे पास नाही त्याला हाकलायचं काम आहे.

एका पायाचा मोनोपॉड काढला तर तो पण "स्टँडच" झाला. शेवटी बॅगेतली तांदळाची पिशवी बंधाऱ्याच्या कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला, तर एक कुटुंब येऊन त्याच कठड्यावर बसलं आणि आजी पाय हलवत होत्या. आजींना काय बोलणार.

मागणी काय फार मोठी आहे? स्टेजच्या बाजूला दहा फूट जागा दोरीने अडवा, ट्रायपॉडवाल्यांनी तासभर आधी यायचं, कार्यक्रम संपेपर्यंत तिथून हलायचं नाही, हवं तर शंभर रुपये घ्या. आणि हे पोस्टरवर छापा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच समितीतल्या एकाचा मेसेज. "दादा तुमच्याकडे काल रात्रीचे चांगले फोटो असतील ना, पाठवा, पेजवर टाकतो, खाली तुमचं नाव देऊ." चांगले म्हणे. मी धुराचा एक पाठवला, तो पण आजींच्या पायासकट. टाकलाय त्यांनी. नाव चुकीचं लिहिलंय.