आधी त्या भिंतीवरून खाली उतरा!

दर सुट्टीत तेच. तंबू, पाण्याचे कॅन, पोरं असं सगळं गाडीत कोंबून आम्ही अमेरिकेत यूटा राज्यातल्या सीडर मेसा या पठारावर जातो, तापलेल्या घळीतून दोन तास तंगडतोड करतो आणि पोचतो तर कुणीतरी आठशे वर्षं जुन्या पडक्या घराच्या भिंतीवर बसून फोटो काढतंय! अहो, नुसत्या दगडमातीच्या भिंती आहेत त्या. गारा लिंपताना दाबलेल्या बोटांचे ठसे अजून दिसतात. माझ्या लेकीने परवा त्या ठशापासून वीतभर लांब आपलं बोट धरून मापलं. हात लावला नाही. सात वर्षांच्या पोरीला कळतं ते या घोड्यांना का कळू नये?

आणि खापरं! काळ्या-पांढऱ्या नक्षीचे तुकडे गोळा करून लोक सपाट दगडावर मांडतात, मागून येणारा त्यातला एक खिशात घालतो. 1906 पासून याविरुद्ध कायदा आहे, 1979 मध्ये आणखी कडक झाला. कायदा राहू द्या, होपी आणि झुनी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांची घरं आहेत ही. आपल्या आजीच्या फडताळातून कुणी असं काही उचललेलं चालेल?

वाट सोडून चालणाऱ्यांनी तर डोकंच फिरतं. ती काळपट, खरबरीत माती जिवंत असते, सूक्ष्मजीवांनी बांधलेली. एका बुटाखाली चिरडली की सावरायला कित्येक वर्षं जातात.

हटकलं की म्हणतात, "सुट्टीवर आलोय, जाऊ द्या ना." नाही जाऊ देणार! ऑक्टोबरात पुन्हा जातोय, तेव्हाही हटकणार.