निसर्गरम्य कोंडी

‘तू २८० ने जातोस ना? मग काय, चैन आहे!’ हे वाक्य ऐकले की आता माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सॅन होजेहून सॅन फ्रान्सिस्कोला नेणारा हा सुमारे ५७ मैलांचा फ्रीवे ‘जगातील सर्वांत सुंदर’ म्हणून मिरवतो. क्रिस्टल स्प्रिंग्जचे जलाशय, त्यांच्या पलीकडची गर्द डोंगररांग आणि संध्याकाळी तिच्या माथ्यावरून ओघळणारे धुके हे सारे तिथे आहेच, ते मी नाकारत नाही, पण गाडी चालवणाऱ्याने ते पाहायचे कसे? जिथे पाणी दिसते तिथे वाहने ताशी ७५ मैलांनी पळत असतात आणि मागचा महाभाग पाठीला चिकटून दिवे मारत असतो. उलट, जिथे निवांत पाहण्याइतका वेळ मिळतो त्या क्युपर्टिनोत, ८५ क्रमांकाचा मार्ग येऊन मिळतो तिथे, आवाज अडवणाऱ्या भिंती आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे यांखेरीज पाहण्यासारखे काहीही नसते. मळणीच्या बैलाला मुसके बांधतात, तशी ही गत आहे. नोव्हेंबरात घड्याळे तासभर मागे गेली, की परतताना जलाशयही अंधारात बुडालेला असतो.

सोमवारी पेज मिल रोडपासून वुल्फ रोडपर्यंतच्या दहा मैलांना पंचावन्न मिनिटे लागली. लॉस अल्टोस हिल्सपासून सुरू होणारी कारपूल लेन (एकाहून अधिक माणसे असलेल्या गाड्यांसाठी राखीव मार्गिका) शेजारून मोकळी धावत होती, पण मी गाडीत एकटा. (सोबत येणारा सहकारी आता घरून काम करतो, त्याचे भाग्य.) रेल्वेने का जात नाहीस, असे विचारणाऱ्यांनी कृपया नकाशा पाहावा: कॅलट्रेन खाडीच्या बाजूने जाते, आणि माझे कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला असल्याने उतरल्यावर आणखी दोनदा गाडी बदलावी लागते.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीची आत्या आली होती. शेजारच्या आसनावर बसून तिने सगळा रस्ता डोळे भरून पाहिला आणि परत गेल्यावर गावभर सांगितले. सोमवारी मी घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच तिचा फोन आला, ‘‘आज तळं कसं दिसत होतं रे?’’ मी म्हणालो, ‘‘आत्या, चार वर्षं जातोय, अजून नीट पाहिलेलं नाही.’’